नाव सासूबाईंचं, चटणी माझी, मालक तिसराच

चटणीच्या पुड्यावर कोणतं नाव होतं ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर आणखी एक नोटीस मलाच यायची. एवढंच सांगते, नाव माझ्या सासूबाईंचं आहे आणि कागदोपत्री त्याचा मालक आज माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ आहे.

२०१७ ला सांगलीत सुरुवात केली. कांदा-लसूण मसाला, आमच्याकडं नुसती चटणीच म्हणतात. माझे २,४०,००० रुपये, त्यातले १,६०,००० दागिने गहाण ठेवून. त्याचा एक लाख आणि ‘ओळखी’. ५०० च्या स्टॅम्पवर भागीदारीपत्र, नोटरी, नफा निम्मा-निम्मा. मिरची निवडण्यापासून डंकापर्यंत सगळं मी बघायची. दुकानं आणि कागदपत्रं त्याच्याकडं. “वहिनी, तुम्ही चटणीकडं बघा, कागदाचं मी बघतो.” असं कुणी म्हणालं की त्याच दिवशी सगळे कागद मागून घ्या.

२०२१ मध्ये नावाचा ट्रेडमार्क करायचं ठरलं. तो म्हणाला, एकट्याच्या नावावर टाकलं तर सरकारी फी ४,५००, फर्मच्या नावावर ९,०००. निम्मे पैसे वाचत असताना नको कोण म्हणेल? पण उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र असलं की फर्मलाही ४,५००च लागतात, आणि ते आमच्याकडं होतं! मला कळलं तीन वर्षांनी. ते ४,५०० गेलेही फर्मच्याच खात्यातून. चेकवर पहिली सही माझी.

अर्जाची पीडीएफ त्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. लपवलं काहीच नाही, हेच जास्त झोंबतं. मी ओट्याशी उभी, हाताला तिखट, म्हणून करंगळीनं फाईल उघडली आणि बघितलं काय, तर लोगोतला लाल रंग नीट आलाय का. आला होता. त्याच पानावर अर्जदाराच्या रकान्यात त्याचं एकट्याचं नाव होतं. मी बी.कॉम. आहे, अडाणी नाही. रोजचा हिशेब पैशापर्यंत लिहिते. आणि मी उत्तर पाठवलं, ‘छान दिसतंय’. ते दोन शब्द आता त्याच्या वकिलानं माझी संमती म्हणून जोडलेत.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये, म्हणजे नव्या अर्जांच्या सरकारी पत्रिकेत, चिन्ह छापून आलं की हरकतीला चार महिने मिळतात. जर्नल दर सोमवारी निघतं. चटणी करणारी बाई सोमवारी जर्नल वाचत बसते का? पण अर्जाचा नंबर टाकला की रजिस्ट्रीच्या साईटवर सगळं फुकट दिसतं, जोडलेल्या कागदांसकट. आज बघा, उद्या नको. मी उघडलं तेव्हा ‘२०१७ पासून वापर’ याचा पुरावा म्हणून त्यानं आमची जुनी बिलं लावली होती. प्रत्येक बिलावर अक्षर माझं.

२०२४ च्या दिवाळीत ८६,००० च्या वसुलीवरून वाजलं. पंधरा दिवसांत त्याची नोटीस: नाव वापरणं थांबवा, नाहीतर पाच लाख भरा.

पोलीस ठाण्यात गेले. “सिव्हिल मॅटर आहे, ताई. घरातलं घरात मिटवा.” घरातलंच असतं तर ठाण्यात आले असते का? ऑनलाईन तक्रार केली, अकराव्या दिवशी ‘निकाली’. काय निकाल लागला, देव जाणे. मग कळलं की फर्मची नोंदणीच नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे लिहून भिंतीला लावा. नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही, भागीदारी कायद्याचं कलम ६९. म्हटलं आता करते. फर्म नोंदणीच्या ऑफिसात खिडकीतला माणूस म्हणाला, अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. म्हणजे ज्यानं नाव पळवलं त्याचीच सही आणायची! तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी खिडकी जेवणाला बंद होती, साडेअकरा वाजता.

वकिलांनी हल्दीरामचा दाखला दिला. तो वादही एका घरातल्या नावाचाच. २००० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की करारातून न आलेल्या हक्कासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्याविरुद्ध, नोंदणी नसलेली फर्मही दावा लावू शकते. “पण ती फर्म बाहेरच्याविरुद्ध, तुमचा तर भागीदारच,” असंही तेच म्हणाले. या दिलाशाची फी १५,०००. नोंद रद्द करण्याच्या अर्जाला सरकारी २,७०० वेगळे, आणि एजंटचे ८,०००. भागीदारीपत्रात ‘नाव व चिन्ह फर्मच्या मालकीचं’ ही एक ओळ असती तर हातात काहीतरी असतं. मोबाईल नंबर, इन्स्टाचा पासवर्डही त्याच्याकडंच राहिला. गिऱ्हाईक अजून त्याच नंबरवर ऑर्डर देतात.

सासूबाई काही बोलत नाहीत. तो त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. परवा फक्त विचारलं, “माझं नाव वापरायला मला कुणी विचारलं होतं का गं?” मी तरी कुठं विचारलं होतं?

नोंद रद्द करण्याच्या अर्जावर सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही. घरात छापील २,६०० पाऊच पडून आहेत, १६,९०० रुपयांचे. फूड रजिस्ट्रेशन १०० रुपये भरून माझ्या नावावर नवीन काढलं. आता पाऊचवरचं नाव आणि रजिस्ट्रेशनचा जुना नंबर पांढऱ्या पट्टीनं झाकते, वर नुसतं ‘कांदा-लसूण चटणी’ आणि नवा नंबर लिहून विकते. पट्टीला पाऊचमागं ऐंशी पैसे जातात.