काटोचा युनिट्रॅक: कोल्हापूरच्या घरातील छोटी रेल्वे

राजारामपुरीतील आमच्या घरात छोटी रेल्वे उभारताना मी काटो या जपानी कंपनीचा एन-गेज (छोट्या रेल्वेचा एक ठरावीक आकार) युनिट्रॅक हा रूळसंच वापरला, आणि तो मला मनापासून आवडला. रुळांखाली खडीचा आधार जोडूनच येत असल्याने तुकडे नुसते एकमेकांत बसवले की मार्ग तयार होतो. ३१५ मिलिमीटर त्रिज्येची वळणे आणि प्रत्येक बाजूला २४८ मिलिमीटरचे दोन सरळ तुकडे घेतल्यास संपूर्ण वर्तुळमार्ग ४ फूट बाय अडीच फुटांच्या प्लायवुडवर मावतो.

आपल्याकडील ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, १,६७६ मिलिमीटरचा असल्याने एन-गेजच्या १:१६० प्रमाणात तो साधारण साडेदहा मिलिमीटर भरायला हवा. प्रत्यक्षात या रुळांमधील अंतर ९ मिलिमीटर आहे. त्यामुळे मिरज-कोल्हापूर मार्गाची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्याला हा फरक खटकेल, मला मात्र तो चालला.

पावसाळ्यातील दमट हवेत रुळांवर मळ साचून इंजिन अडखळते. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्यास ते पुन्हा सुरळीत धावते. इंजिनाला १२ व्होल्ट डीसी लागतो, परंतु जपानी बाजारातील अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट कधीही लावू नये.