चुंबकीय क्षेत्र, वक्र अवकाश आणि जोडनिर्मिती: ऑनलाइन व्याख्यानमालेचा अनुभव

एमएस्सीच्या मुलांना क्वांटम शिकवते, त्यामुळे अशी व्याख्यानं मी वही घेऊनच ऐकते. प्रबळ विद्युतक्षेत्रात निर्वातातून कण-प्रतिकणांच्या जोड्या कशा निर्माण होतात, हे भौतिकशास्त्रज्ञ श्विंगरचं 1951 चं गणित बहुतेक जण सूत्र लिहून उरकतात. इथे मात्र आधी चित्र स्पष्ट होतं: नुसतं चुंबकीय क्षेत्र भारावर कार्य करत नाही, म्हणून ते जोड्या निर्माण करत नाही, ते काम विद्युतक्षेत्राचं. पण समांतर चुंबकीय क्षेत्र दर बदलतं. फिरक (स्पिन) नसलेल्या कणाचा m² (वस्तुमानाचा वर्ग) तळाच्या लँडाऊ पातळीमुळे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या सुट्या ऊर्जापातळ्यांपैकी सर्वांत खालचीमुळे, eB ने (भार गुणिले चुंबकीय क्षेत्र) वाढतो आणि निर्मिती दबते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत फिरकीमुळे ही वाढ रद्द होते आणि दर उलट वाढतो. फळ्यावरची ही दोन ओळींची वजाबाकी मी आता वर्गात जशीच्या तशी वापरते.

खरी मेजवानी हायपरबोलिक प्रतलाच्या (सगळीकडे सारखी ऋण वक्रता असलेल्या पृष्ठभागाच्या) भागात आहे. गोलावर सगळ्या पातळ्या सुट्या असतात. या प्रतलावर फिरकरहित कणासाठी n < b − ½ एवढ्याच मिळतात (n म्हणजे पातळीचा शून्यापासूनचा क्रमांक, b म्हणजे eB गुणिले वक्रता-त्रिज्येचा वर्ग), आणि त्यांच्यावर अखंड वर्णपट, म्हणजे सलग ऊर्जा. b अर्ध्याहून कमी झाला की एकही सुटी पातळी उरत नाही! हे व्याख्यात्यांनी आलेख हळूहळू सरकवून दाखवलंय.

एडीएस-2 चा (ऋण वक्रतेच्या द्विमितीय अवकाश-काळाचा) भाग घाईत गुंडाळला, याचं वाईट वाटलं. विद्युतक्षेत्र ठरावीक उंबरठ्याखाली असेल तर तिथे जोड्या मुळीच निर्माण होत नाहीत, याला एक पूर्ण तास हवा होता. आवाज स्वच्छ, अक्षर सुरेख. लँडाऊ पातळ्या पक्क्या असतील तर जरूर घ्या.