चेंगदूला मासा खाताना वजनाच्या अक्षरात फसलो, जाणार असाल तर आधी हे वाचा

मागच्या ऑक्टोबरात मी आणि माझी मावसबहीण चेंगदूला गेलो होतो. ताई चार वर्षं शांघायला राहते, जिजूंची नोकरी तिकडे, त्यामुळे तिला बोलण्यापुरती चिनी येते पण वाचता फारसं येत नाही. चेंगदू म्हणजे सिचुआन प्रांताची राजधानी, आपल्याकडे गाडीवर जे शेजवान म्हणून मिळतं ते नाव याच प्रांताचं, पण चवीचा काहीच संबंध नाही, आणि म्हणूनच खरं सिचुआन खायचं हे माझं कधीपासून मनात होतं.

पहिले दोन दिवस मस्त गेले. मापो तोफू खाल्लं, डान डान नूडल्स खाल्ले, तिथे ह्वाज्याव नावाचं जे मिरं घालतात त्याने जीभ आणि ओठ बधिर होतात, आणि पहिल्याच घासाला मला आजीच्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ आठवलं, नंतर कळलं की दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. कोकणातल्या माणसाला हे जेवण परकं वाटणारच नाही, अगदी मनापासून सांगते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या पद्धतीने सजवलेल्या टुरिस्ट गल्लीत एक मुलगी फोटोंचं कार्ड घेऊन उभी होती, इंग्लिश छान बोलत होती, म्हणाली नदीचा ताजा मासा, आमच्या घरचा मसाला, चला. आम्हाला शुइझू यू खायचाच होता. नावाचा अर्थ पाण्यात उकडलेला मासा, पण येतो तो लाल तेलात, वर मूठ मूठ सुक्या मिरच्या आणि ह्वाज्याव, त्यावर कडकडीत तेल ओततात ते चुर्र वाजतं. टाकीवर पाटी होती, ५८ आणि पुढे एक अक्षर. ताईने विचारलं पण, ५८ युआन ना? ती मुलगी हो म्हणाली. कशाचे ५८ हे आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पोऱ्याने जाळीने मासा काढला, पाण्यासकट पिशवीत टाकला, काट्यावर ठेवला न ठेवला आणि आत पळाला, आकडा दिसलाच नाही.

तिकडे वजनाची दोन मापं चालतात. जिन म्हणजे अर्धा किलो आणि ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, दहा ल्यांगचा एक जिन, आपल्या शेर-छटाकासारखंच समजा. भाजी, फळं, मासे साधारण जिनच्या भावाने विकतात, म्हणून ५८ वाचलं की कोणीही जिनच धरणार. पाटीवर ल्यांग होतं. हे अक्षर ओळखायला सोपं आहे, नीट लक्षात ठेवा: वर एक आडवी रेघ, खाली तीन बाजूंची चौकट आणि चौकटीत शेजारी शेजारी दोन उलटे व्ही, दोन माणसं दारात उभी असल्यासारखी. चौकट दिसली की भाव ५० ग्रॅमचा आहे, दहाने गुणा.

बिल आलं १६९४ युआन. मासा २६ ल्यांग, म्हणजे १५०८ नुसता मासा. बाकी तोफू, चिकन, पालेभाजी, भात मिळून १३४, चहा न मागता आणलेला ३६, शेंगदाणे न मागता ठेवलेले १६. आपल्या पैशात वीस हजारांच्या वर गेलं, आम्ही धरून चाललो होतो तीनशे सव्वातीनशे युआन. माझे हात थरथरत होते खरंच. ताई भांडली, सव्वा किलोच्या वरचा मासा असेल तर भांड्यात एवढेच तुकडे कसे, काटा दाखवा म्हणाली, तर मॅनेजर नुसता पाटीकडे बोट दाखवत राहिला आणि दोन माणसं दाराशी येऊन उभी राहिली.

मग ताईने फोन काढून १२३१५ लावला. हा तिकडचा ग्राहक तक्रारीचा नंबर, देशभर चालतो, शहराच्या सगळ्या तक्रारींसाठी १२३४५ वेगळा. नंबर बघताच मॅनेजरचा आवाज खाली आला. २०१५ मध्ये चिंगदाओला एका हॉटेलने ३८ युआनची कोळंबी प्लेटची नाही, एकेका नगाची आहे म्हणून ४० कोळंब्यांचे १५२० लावले होते, त्यावरून देशभर बोंब झाली आणि हॉटेलला ९० हजार युआन दंड बसला, तेव्हापासून हे लोक तक्रारीला घाबरतात असं ताई सांगते. शेवटी बाराशेवर मिटलं. मी म्हणत होते एवढेही का द्यायचे, पण रात्रीचे साडेनऊ, दोघीच बायका, ताई म्हणाली पैसे दे आणि छापील बिल घे, बाकी उद्या बघू.

जिवंत मासा, खेकडे, कोळंबी काहीही घेताना भाव जिनचा का ल्यांगचा, नगाचा का प्लेटचा हे तोंडाने वदवून घ्या, पिशवीतलं पाणी ओतायला लावा, काटा आपल्याकडे वळवायला सांगा, आणि मासा मारायच्या आधी एकूण रक्कम मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टाईप करून घ्या. आत गेला की संपलं, मग परत करता येत नाही. आणि रस्त्यावर उभं राहून बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या मागच्या गल्लीत एका मावशींच्या खानावळीत परत तोच मासा मागवला. मावशींनी न सांगता काटा आमच्याकडे फिरवला, दोन बोटं दाखवली, दोन जिन, ७६ युआन. चव कालच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. दुपारी तक्रारीच्या ऑफिसातून ताईला फोन आला, त्यांनी बिल आणि पाटीचा फोटो मागितला. बिल होतं. फोटो काढायला आम्ही पुन्हा त्या टुरिस्ट गल्लीत गेलो तर टाकी तिथेच होती, मासे होते, पाटी काढलेली होती.