फ्लेमिंगो ट्रिपच्या नावाखाली २४ हजार गेले, पैसे भरायच्या आधी वाचा

हे लिहायला दोन महिने लागले कारण मनात राग होता आणि अजूनही आहे. पण आता सीझन सुरू होतोय, लोक मुलांना घेऊन फ्लेमिंगो बघायला निघतील, म्हणून सगळं सांगते.

सासूबाईंना खूप वर्षांपासून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे होते. ऑक्टोबरात मोबाईलवर एक जाहिरात आली, "खाडी ते बॅकवॉटर, २ दिवस", शनिवारी ऐरोलीहून ठाणे खाडीत बोट, रविवारी भिगवणला बोट, कुंभारगावात मुक्काम, जेवण, गाडी सगळं धरून माणशी ४,८०० आणि वर "फ्लेमिंगो १००% दिसणारच". फोनवरचा माणूस इतका छान बोलला, आईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, बोटीत चढायला स्टूल ठेवतो म्हणाला. आधी अर्धे पैसे यूपीआयने दिले, चार दिवसांनी परत फोन, परमिट आजच काढावं लागतंय नाहीतर बोट दुसऱ्यांना जाईल, मग उरलेलेही दिले. चौघांचे १९,२००.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, संकष्टी होती, आईंचा उपास. डोंबिवलीहून पहाटे निघून साडेआठला ऐरोलीच्या वनविभागाच्या केंद्रावर पोचलो. आमच्यासारखी अजून दोन कुटुंबं तिथे उभी, त्याच माणसाने बोलावलेली. फोन बंद. केंद्रातल्या लोकांनी यादी बघितली, आमच्या कोणाच्याच नावाने बुकिंग नाही आणि या नावाचा टूरवालाही त्यांना माहीत नाही.

तिथे एक वयस्कर कोळी काका होते त्यांनी विचारलं, कितीची बोट सांगितली? म्हटलं ९ ची. तर ते म्हणाले, आज चतुर्थी, ९ ला पूर्ण ओहोटी, बोट काय चिखलातून ओढत नेणार का? मग त्यांनी हिशोब सांगितला तो मी आता पाठच केलाय. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते, चौथ म्हणजे ३ च्या सुमाराला, पौर्णिमा अमावस्येला साधारण ११-१२ ला. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे खाडीतल्या बोटीची वेळ रोज बदलणारच, आणि या माणसाच्या जाहिरातीत लिहिलं होतं "दर शनिवार-रविवार सकाळी ९". आम्ही ते दहा वेळा वाचलं असेल!

गाडीत बसून मी कुंभारगावातल्या एका बोटवाल्या दादांना फोन लावला, नंबर ओळखीतून मिळाला. ते म्हणाले, ताई सकाळपासून असा हा तिसरा फोन, आम्ही या माणसाला ओळखतही नाही. आणि असंही म्हणाले की भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर, आणि आत्ता धरण भरलेलं आहे, रोहित येऊन करतील काय. हा पक्षी उथळ पाण्यात उभं राहून चोच उलटी बुडवून चिखलातलं खाणं गाळून खातो, त्यामुळे जानेवारीनंतर पाणी उतरून काठाची दलदल उघडी पडली की मग येतात. नोव्हेंबरात भिगवणला १००% फ्लेमिंगो असं जो म्हणतो त्याने एकतर भिगवण बघितलेलं नाही किंवा तो खोटं बोलतोय. जाहिरातीतला फोटोही तसाच खोटा होता, गडद गुलाबी पक्ष्यांचा हजारोंचा थवा आणि मागे डोंगर. भिगवणला येणारे बहुतेक मोठे रोहित, पांढरट अंगाचे, उडाले की पंखातला लाल रंग दिसतो, म्हणून तर अग्निपंख म्हणतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते या दादांचं. बोट त्यांची, पाणी त्यांचं आणि शिव्या त्यांना, कारण जाहिरातीत गावाचं नाव. त्या दिवशी एका माणसाने त्यांनाच पोलिसात द्यायची धमकी दिली.

एवढ्यावर थांबलं नाही. रविवारी दुसऱ्या नंबरवरून फोन, ऑफिसमधून बोलतोय, झालं त्याबद्दल सॉरी, एकेका माणसाचे पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करून पिन टाका. नवरा वैतागलेला होता, टाकला, अजून ४,८०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपणच देतोय, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगा प्लीज.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, आम्ही सोमवारी फोन केला. तो शनिवारी गेटवरूनच करायला हवा होता, कारण लगेच कळवलं तर पैसे मधेच अडवता येतात, आमचे तोपर्यंत पुढच्या खात्यात गेले होते. तक्रार नंबर मिळालाय, स्टेशनला जबाबही दिलाय.

ऐरोलीचं बुकिंग वनविभागाच्या केंद्रातच करा, आणि वेळ सांगितली की त्या दिवशीची भरती बघा. भिगवणला थेट गावात फोन करा, पाणी किती उतरलंय विचारा, खरा माणूस "आत्ता येऊ नका" असंही सांगतो. आम्हाला त्या दादांनी फेब्रुवारीत बोलावलंय, अॅडव्हान्स नको, उतरल्यावर द्या म्हणाले. आईंनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये.

काल बहिणीने मला एक जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो तोच डोंगरवाला, आणि खाली "दर शनिवार-रविवार सकाळी ९".