रॉड्रिग्ज बेटावरचं घरगुती गेस्टहाउस: चार रात्री, ऑक्टोपसशिवाय

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं रॉड्रिग्जला, हिंदी महासागरातल्या मॉरिशसच्या एका छोट्या बेटावर, जाऊन आलो: मी, हे, माझा भाऊ आणि वहिनी. वहिनी मॉरिशसचीच, वाक्वातल्या मराठी घरातली. तिला क्रिओल ही तिथली बोली येते, म्हणून हा अनुभव मिळाला. नाहीतर नुसत्या खाणाखुणा करून परतलो असतो. मॉरिशसहून छोट्या विमानाने दीड तास लागतो. बेट जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचं, पण भोवती प्रवाळाच्या कड्याच्या आत जे उथळ पाणी आहे, ते बेटाच्या दुपटीहून जास्त पसरलंय. वरून पाहिलं तर जमीन त्या निळाईत बुडत चालल्यासारखी वाटते.

गेस्टहाउस म्हणजे पूर्वेकडच्या एका गावातलं साधं घर. मागच्या अंगणात दोन खोल्या काढल्यात. चादरी स्वच्छ, खिडकीला जाळी, वारा इतका की पंखा एकदाही लावला नाही. तक्रार एकच, पण ती सांगायला हवी. जिथून बुकिंग केलं तिथे चोवीस तास पाणी असं लिहिलं होतं. बेटावर पाण्याची टंचाई आहे, नळ रोज येत नाही, घराघराच्या छपराला पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत साठवतात. तिसऱ्या दिवशी टाकी संपली आणि आम्हाला दोन बादल्यांत चौघांनी अंघोळ उरकावी लागली. घरच्या मावशींनी आधीच मोकळेपणाने सांगितलं होतं. खोटं बुकिंगवाल्यांनी लिहिलं होतं, मावशींनी नव्हे.

आता मुख्य गोष्ट. रॉड्रिग्जला जाऊन ऑक्टोपस खाल्ला नाही तर काय केलं, असं सगळे सांगतात. आमच्याही यादीत पहिला तोच होता. पहिल्या संध्याकाळी विचारलं तर मावशी मान हलवून म्हणाल्या, "फेर्मे." बंद. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी जास्त पैसे देऊ केले. मावशींनी हसून त्यांच्या पानात राजमा वाढला.

२०१२ पासून इथे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस धरायला बंदी असते. मादागास्करच्या अंदावादोआका गावात २००४ मध्ये कोळ्यांनी असा प्रयोग केला होता, त्याच वाटेने हे बेट गेलं. ऑक्टोपस फार भराभर वाढतो, दोन महिने सोडला तर वजन कितीतरी चढतं. मावशी साठीच्या असतील, दहाव्या वर्षापासून ओहोटीला खडकावर चालतात. त्यांनी दुसरं कारण सांगितलं: "मादी अंडी घालते आणि खाणं सोडते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत बिळातच बसते, मग मरते. तेव्हा तिला टोचलं तर एक मेली का? किती मेले ते मोज."

त्यांची ऑक्टोपस टोचायची सळी स्वयंपाकघराच्या दाराआड टेकवलेली होती. हातभर लाकडी मूठ, पुढे लोखंड, टोकाला जरासा बाक. तेल लावून जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, जशी आमच्याकडे पावसात जाळी माळ्यावर जातात. फडकं सोडून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मूठ मधोमध इतकी झिजलेली की माझी बोटं आपोआप त्यांच्या बोटांच्या जागी बसली.

माझं माहेर हर्णैचं, मी रत्नागिरीत कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. माझे वडील बोटीवर खलाशी होते. त्या दोन महिन्यांत वाण्याकडची उधारी वाढायची आणि ऑगस्टभर ती फिटायची. पण आमची बंदी पावसाळ्यात येते, तेव्हा समुद्रच दार लावून घेतो. इथे पाणी गुडघाभर, निवळशंख, घरापासून दहा मिनिटांवर, आणि तरी कुणी सळी घेऊन उतरत नाही. हे कसं जमतं ते मला समजून घ्यायचं होतं.

उत्तर पैशात आहे. बंदीच्या काळात नोंदणी असलेल्या कोळ्यांना दुसरं काम आणि त्याची मजुरी देण्याची सोय सुरुवातीपासून केली गेली, किनारा साफ करण्यासारखी कामं. मावशींच्या नावाची नोंद आहे, सुनेच्या नाही. सूनही भरतीओहोटी बघूनच घर चालवते, पण तिचे दोन महिने कुणाच्या वहीत नाहीत. अशा बेटांवरच्या अभ्यासात किती किलो माल वाढला हे नीट मोजलं जातं. तो वाढलेला माल कोणत्या घरात गेला, हे मला वाचायला क्वचितच मिळतं. आणि बंदी उठते त्या दिवशी सगळं गाव एकदम उतरतं, खडक तुडवला जातो, माल एकाच वेळी येतो, भाव पडतो. मावशी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी जात नाही. चौथ्या दिवशी जाते."

जेवणाबद्दल मात्र मन भरून लिहायला हवं. माणशी ६०० मॉरिशियन रुपयांत तळलेला मासा, आपल्या सांज्यासारखा शिजवलेला मका, बेटावरचाच लाल राजमा, भोपळ्याची भाजी आणि शेवटी पपई भरलेली गोड 'तूर्त' नावाची पेस्ट्री. मका पहिल्या घासाला कोरडा लागला. राजम्याचा रस्सा ओतल्यावर मी तिसऱ्यांदा मागून घेतला. इथल्या बारीक मिरचीचा ठेचा एवढा जहाल की आमच्या ह्यांनी, जे घरी ठेच्याला दाद देत नाहीत, पाण्याचा तांब्या रिकामा केला. टंचाईत तो मावशींनीच पुन्हा भरून आणला, म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं.

जाणार असाल तर शनिवार गाठा. बेटाच्या मुख्य गावाचा, पोर्ट मातुरँचा, बाजार पहाटेच भरतो आणि नऊपर्यंत चांगला माल संपतो. कापडी पिशवी न्या, मॉरिशसच्याही आधी इथे प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. मध आणि लिंबाचं लोणचं नक्की घ्या. खोली घेताना पाण्याचं थेट घरमालकांना विचारा. ऑक्टोपस खायचाच असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा, आणि पहिले तीन दिवस सोडून.

आमचं पुढच्या नोव्हेंबरचं ठरलंय. मावशींनी तीच खोली राखून ठेवते म्हटलंय, आगाऊ पैसे घेतले नाहीत.