विमा आहेच, म्हणाले

आमचं तालुक्याच्या गावचं वाचनालय, 'क' वर्गाचं. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं, तेही कधी हातात पडेल याचा भरवसा नाही. मधल्या महिन्यांत ग्रंथपालबाईंचा पगार आणि वीजबिल भागायचं ते कायम निधीच्या व्याजावर. आजीव सभासदांचे हजार-हजार रुपये, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले पाच हजार, असं करत बारा वर्षांत 4 लाख 60 हजार साठले. राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव होती.

2021 मध्ये मुदत संपली. बँक जेमतेम पाच टक्के देत होती. आमच्याच कार्यकारिणीतले एक सदस्य एका पतसंस्थेचे संचालक. ते म्हणाले, "अकरा टक्के देतो. आणि काळजी कसली अध्यक्ष, पाच लाखांपर्यंत विमा आहेच की!" एक लाखाचा विमा 2020 मध्ये पाच लाखांचा झाला, हे मी पेपरात वाचलं होतं. मला पटलं. ठराव झाला. त्या ठरावावर त्यांचीही सही आहे. त्या वेळी त्यांना बैठकीतून बाहेर बसवायला हवं होतं, ते मी केलं नाही.

तो विमा बँकेतल्या ठेवींना आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवीला तो लागूच नाही. शिवाय सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 35 सांगतं की न्यासाचा, म्हणजे आमच्यासारख्या संस्थेचा, पैसा अनुसूचित बँक (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली), पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवायचा. दुसरीकडे ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आम्ही ती घेतली नव्हती, म्हणून आता विश्वस्तांनाही जाब द्यावा लागतोय. तुमच्या संस्थेची ठेव पतसंस्थेत असेल तर मुदतीची वाट बघू नका, आजच चौकशीला लागा.

दोन वर्षं व्याज तारखेला जमा व्हायचं, त्यानेच आम्ही गाफील राहिलो. मग "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. एका सोमवारी गेलो तर शटर खाली, आणि बाहेर पासबुकं घेतलेले पेन्शनर, भाजीवाल्या बायका. त्या रात्री कपाटातून ठेवपावती काढली. जाड कागद, कोपऱ्यात गणपती, मागे बारीक अक्षरात अकरा नियम. सगळे वाचले. विमा हा शब्द कुठेच नव्हता.

ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी असलेल्या एमपीआयडी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. पैसे अजून आलेले नाहीत. ग्रंथपालबाईंचा चार महिन्यांचा पगार थकलाय, तरी त्या रोज सकाळी आठला कुलूप उघडतात.