निम्म्या मापाची लढाई: ‘सांजो राजवाड्यावरचा रात्रीचा हल्ला’ची छापील प्रत

चित्रं दाखवत गोष्ट सांगणारा पिंगुळीचा चित्रकथी एक पान ठेवून दुसरं उचलतो. जपानी चित्रगुंडाळीत पानच नाही, गोष्ट हातातून सरकत जाते. ११५९च्या हेइजी बंडावरची ही गुंडाळी तेराव्या शतकातली. मूळ बॉस्टनच्या संग्रहालयात आहे, सुमारे ४१ सेंमी उंच आणि ७ मीटर लांब. ऑनलाइन मिळणारी ही प्रत बरोबर निम्मी.

पाहायची उजवीकडून डावीकडे. डाव्या हाताने उलगडायची, उजव्याने गुंडाळायची. मूळ गुंडाळी एका वेळी ६० सेंमीच्या आसपास उघडी ठेवतात, म्हणून इथे ३० सेंमीच पुरे. जास्त उघडलीत तर आग आधीच दिसते आणि मजा जाते. आधी बैलगाड्यांची झुंबड, मग राजवाड्याची भिंत, निवृत्त सम्राट गो-शिराकावाला गाडीत कोंबणारे सैनिक, ज्वाळा, विहिरीत उड्या घेतलेल्या बायका. शेवटी गर्दी विरळ होते नि उरतो उधळलेला घोडा आणि त्याच्यापुढे एकटा धनुर्धारी.

छपाई उत्तम; चिलखतांच्या दोऱ्यांचे रंगही वेगळे कळतात. पण कागदांचा सांधा नेमका ज्वाळांच्या मधोमध आणलाय. हे अक्षम्य. आरंभीचा आणि शेवटचा मजकूरही गाळलाय. जपानी येत नसलं तरी तो हवा होता, गोंधळ सुरू व्हायच्या आधीची शांतता त्यात असते.

कागद जाड आणि रूळ बोटाएवढा बारीक, त्यामुळे आतल्या वेढ्यांत शाई तडकते. रुळावर ५-६ सेंमी व्यासाची आम्लरहित पुठ्ठ्याची नळी चढवा. जपानातही नाजूक गुंडाळ्यांना असा जाड साचा बसवतात, त्याला फुतोमाकी म्हणतात.

आता आपली गोव्याची दमट हवा. मागचा अस्तरकागद खळीने चिकटवलाय, म्हणजे कसरीला मेजवानी आणि बुरशीला आमंत्रण. जून ते सप्टेंबर गुंडाळी उघडूच नका. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आत सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी, उन्हात नव्हे, घरातच तासभर हवा द्या.

आणि फ्रेम करू नका. साडेतीन मीटरची काच कोणी बसवून दिलीच, तरी भिंतीवर ती नुसती पट्टी होते. दोरी बांधताना सैल ठेवा, करकचून आवळली की वळ उठतो आणि तो जात नाही.